एकेटी आणि पेशीमृत्यू: सुरुवात कुठून करावी

सगळ्या कायनेजांचा (फॉस्फेट बसवणाऱ्या विकरांचा) अभ्यास एकदम सुरू करू नका. आधी एकेटी हे कायनेज आणि बॅड हे पेशीला मृत्यूकडे ढकलणारे प्रथिन, ही एकच जोडी पक्की करा. पेशीला वाढीचे संकेत मिळत असताना पीआय-३ कायनेज या दुसऱ्या कायनेजमार्फत एकेटी कार्यान्वित होते आणि बॅडमधील १३६ व्या जागेवरील सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसवते. मग १४-३-३ हे प्रथिन बॅडला पेशीद्रवातच धरून ठेवते, त्यामुळे मायटोकॉन्ड्रियावरील बीसीएल-एक्सएल हे पेशीला वाचवणारे प्रथिन मोकळे राहते आणि पेशीमृत्यूची साखळी सुरू करणारे सायटोक्रोम-सी बाहेर पडत नाही. संकेत थांबले, की हाच बॅड बीसीएल-एक्सएलला जाऊन चिकटतो आणि पेशीमृत्यूची वाट मोकळी होते.

१३६ हा क्रमांक उंदराच्या प्रथिनातला आहे; मानवी बॅडमध्ये तीच जागा ९९ क्रमांकाची असते, आणि अँटिबॉडी मागवताना नवखे इथेच हमखास गोंधळतात.

वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडी वापरून नमुन्यातले प्रथिन पट्ट्याच्या रूपात दाखवणारी चाचणी) करताना एवढे सांभाळा:

- लायसिस बफरमध्ये (पेशी फोडण्याच्या द्रावणात) फॉस्फेटेज इनहिबिटर, म्हणजे फॉस्फेट काढणाऱ्या विकरांना रोखणारी द्रव्ये, हवेतच आणि नमुने बर्फावरच हवेत; नाहीतर फॉस्फेट तुमच्या हातातच निघून जातो.
- एकूण एकेटीचा पट्टा शेजारी नसेल, तर फॉस्फो-एकेटीच्या (फॉस्फेट बसलेल्या एकेटीच्या) पट्ट्यावरून काहीच ठरत नाही.

फॉस्फो-एकेटी घटले म्हणजे पेशी मरू लागल्या, असे मात्र लिहू नका. त्यासाठी पेशीमृत्यूत प्रथिने कापणाऱ्या कॅस्पेज-३ या विकराचे तुकडे किंवा त्याने कापलेले पार्प हे प्रथिन ११६ वरून ८९ किलोडाल्टनवर आलेले दाखवावे लागते. मार्गदर्शक पहिला प्रश्न बहुधा हाच विचारतील. जेएनके आणि आरआयपीके१ या कायनेजांचे दुहेरी वागणे (कधी पेशी वाचवणे, कधी मारणे) सध्या बाजूला ठेवा.