डोळ्यांखालचं फिलर सुजलंय? अजून भरू नका, आधी स्टिकर मागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ महिन्यांपूर्वी डोळ्यांखाली फिलर केलं, सुरुवातीला छान दिसलं, आता रोज सकाळी पिशव्या लोंबतात, उन्हात निळसर झाक दिसते, आणि क्लिनिक म्हणतंय की अजून अर्धा एमएल घातलं की लेव्हल होईल. तर घालायचं का?

नाही. अजिबात नाही. हीच तक्रार घेऊन मीही दारोदार हिंडलेय, म्हणून राहवलं नाही. मी डॉक्टर नाही, शेवटचा शब्द तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांचाच. फिलर म्हणजे खड्डा भरायला कातडीखाली टोचतात ते जेल, एवढं तुम्हाला माहीत आहेच.

निळसर झाक आणि सकाळची सूज हे दोन वेगळे घोटाळे आहेत. खालच्या पापणीची कातडी शरीरातल्या सगळ्यात पातळ कातड्यांपैकी. जेल स्नायूच्या खाली, हाडाला लागून बसायला हवं. ते वर कातडीलगत राहिलं की प्रकाश विखुरतो आणि निळं दिसतं. सूज येते ती पाण्याने. बहुतेक फिलर ज्याचं असतं ते हायल्युरॉनिक अॅसिड पाणी धरून ठेवतं, शिवाय पापणी आणि गालाच्या मध्ये एक पातळ पडदा असतो, तो बांधासारखा पाणी अडवतो. रात्री आडवं झाल्यावर तिथे पाणी साठतं आणि उभं राहिल्यावर दुपारपर्यंत उतरतं. अशा जागी आणखी अर्धा एमएल म्हणजे पाणी धरणारा आणखी अर्धा एमएल. 'आठ महिने झाले, आता आपोआप विरेल' यावरही विसंबू नका. या भागातलं फिलर काही वर्षांनंतरही एमआरआयमध्ये सापडतं.

(सूज लाल, गरम, दुखरी असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दाखवा. तो जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्याची वाट वेगळी आहे.)

आता मुख्य मुद्दा. सिरिंजच्या खोक्यात सोलून काढायचे छोटे स्टिकर असतात: कंपनी, प्रॉडक्ट, लॉट नंबर, एक्स्पायरी. एक केसपेपरवर लावायचा, एक पेशंटला द्यायचा. माझ्या वेळच्या क्लिनिकने दोन्ही केलं नाही. केसपेपरवर फक्त 'फिलर, एक सिरिंज'. विचारलं तर रिसेप्शनवरून 'आमच्याकडे सगळं इम्पोर्टेडच असतं मॅडम', मग 'डॉक्टर कॉन्फरन्सला गेलेत', मग 'जुनं रेकॉर्ड दुसऱ्या ब्रँचला आहे'. इम्पोर्टेड हे काय प्रॉडक्टचं नाव झालं?

एवढ्याशा कागदावरून मी का चिडते ते सांगते. पुढचा डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार, 'काय घातलंय?' विरघळवायचं एन्झाइम, हायल्युरोनिडेज, फक्त हायल्युरॉनिक अॅसिडवर चालतं. फिलर कॅल्शियम हायड्रॉक्सिअॅपटाइट किंवा पॉलिलॅक्टिक अॅसिड अशा दुसऱ्या प्रकारचं असेल तर एन्झाइमचा उपयोग शून्य. हायल्युरॉनिकमध्येही काही जेल लवकर विरतात, काही चिवट असतात, आणि डोस त्यावर ठरतो. किती घातलं, सुईने की कॅन्युलाने (बोथट टोकाच्या बारीक नळीने), हेही लागतं. यातलं काही माहीत नसेल तर चांगला डॉक्टर हात लावायला कचरतो, आणि वाईट डॉक्टर अंदाजपंचे डोस मारतो.

तर आजच लेखी अर्ज द्या: प्रॉडक्टचं नाव, लॉट नंबर, प्रत्येक बाजूला किती एमएल, तारीख. अर्जाची पोच घ्या, शिक्का-सहीसकट. डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ चे नियम आहेत, त्यानुसार पेशंटने रेकॉर्ड मागितलं की ७२ तासांत द्यावं लागतं. फोनवर मागत राहिलात तर टोलवाटोलवीच होणार. दिलंच नाही तर महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलकडे तक्रार करता येते, आणि तिथे ती पोचच कामाला येते.

रेकॉर्ड नाहीच मिळालं, तर हाय-फ्रिक्वेन्सी प्रोबने त्वचेची सोनोग्राफी करणारा रेडिओलॉजिस्ट शोधा. जेल कुठल्या थरात आहे, किती आहे, हे त्यात बरंच कळतं. साध्या पोटाच्या सोनोग्राफीच्या प्रोबवर वेळ घालवू नका.

विरघळवायला शक्यतो ऑक्युलोप्लास्टिक सर्जन, म्हणजे पापण्यांची सर्जरी करणारे डोळ्यांचे डॉक्टर, नाहीतर हे काम नियमित करणारे स्किनचे डॉक्टर. आपल्याकडे हायल्युरोनिडेजची १५०० युनिटची व्हायल (कुपी) मिळते. ती १० एमएल सलाइनमध्ये मिसळली की ०.१ एमएलमध्ये १५ युनिट येतात. सूज आणि निळेपणासाठी साधारण अशाच छोट्या डोसने सुरुवात करून, दोनेक आठवड्यांनी बघून, लागलं तर पुन्हा देतात. एका बैठकीत सगळं साफ करायचा आग्रह धरू नका. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून कधी अंगावर मोठी रिअॅक्शन आली असेल तर आधीच सांगा, या एन्झाइमलाही अॅलर्जी येऊ शकते. हातावर टेस्ट करून घ्या. नंतर एक-दोन दिवस सूज वाढते, मग खड्डा पहिल्यापेक्षा खोल वाटतो. घाबरून लगेच पुन्हा भरायला जाऊ नका, निदान महिनाभर थांबा.

पुन्हा करायचंच असेल तर (माझं मत: एकदा इथे पाणी साठलं त्याने या भागात फिलरचा नाद सोडावा, पण निर्णय तुमचा) प्रत्येक बाजूला ०.२ ते ०.५ एमएलच्या वर नको, तेही थोडं कमीच ठेवून. कमी पाणी धरणारं मऊ जेल हवं. गालाच्या हाडावर घालायचं घट्ट जेल इथे नको. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, डोळ्यांखालच्या खड्ड्यासाठी २०२२ मध्ये व्होल्बेला आणि २०२३ मध्ये रेस्टिलेन आयलाइट या फिलरना मान्यता दिली. २५ गेजची बोथट कॅन्युला सुईपेक्षा बरी, पण ती शिरेत घुसूच शकत नाही हा गैरसमज आहे. खोकं तुमच्यासमोर फोडायला सांगा. खोलीत हायल्युरोनिडेज आहे का ते विचारा. 'लागलं तर मागवतो' म्हणाले की उठून या. पार्लर आणि हायल्युरॉन पेन (सुईशिवाय दाबाने जेल आत ढकलणारं यंत्र) यांबद्दल लिहायचीही गरज नसावी.

एन्झाइम खोलीतच हवं, कारण इथली शीर डोळ्याच्या रक्तवाहिनीला जोडलेली आहे आणि जेल शिरेत गेलं तर डोळ्याचं रक्त अडू शकतं. टोचताना किंवा नंतर अचानक दिसेनासं झालं, डोळ्यात असह्य कळ आली, पापणी पडली, कातडी पांढरी किंवा जाळीदार जांभळी झाली, तर 'उद्या बघू' नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्याला (रेटिनाला) रक्त मिळालं नाही तर तासा-दीड तासात, कधी त्याहूनही लवकर, दृष्टी कायमची जाते. त्या वेळी टेस्ट वगैरे करत बसत नाहीत, एन्झाइमचा मोठा डोस लगेच देतात आणि डोळ्यांच्या हॉस्पिटलला पळवतात.

आणि हो, सल्ल्यासाठी सकाळची पहिली अपॉइंटमेंट घ्या. दुपारी गेलात तर सूज उतरलेली असते आणि डॉक्टर म्हणतात, 'कुठे काय?' सकाळची नसेलच मिळत, तर चार-पाच दिवस उठल्या उठल्या, तोंड न धुता, खिडकीकडे तोंड करून, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा, आणि त्याच जागी दुपारी चारला पुन्हा. ब्यूटी मोड बंद आहे ना ते बघा, काही फोनमध्ये तो न सांगता चालू असतो.