बँकेशी चार्जेसवरून वाद चालू असताना फोन कॉल रेकॉर्ड केले तर चालतात का?

तुमचा प्रश्न मला असा कळला की बँकेने न विचारता चार्जेस कापले, कस्टमर केअरवाले फोनवर एक सांगतात आणि पुढच्या फोनला ते नाकारतात, म्हणून आता पुढचे कॉल गुपचूप रेकॉर्ड करायचे का. उपयोग होतो, पण तुम्हाला वाटतोय तसा नाही. मी स्वतः यातून गेले आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या खात्याचा प्रकार बँकेनेच बदलला होता आणि मग नव्या प्रकाराच्या नियमाने मिनिमम बॅलन्सचा चार्ज लावत राहिले. पहिल्या कॉलला माणूस अगदी नीट बोलला, मॅडम हे चुकून लागलंय, सात दिवसांत रिव्हर्स होईल. काहीच झालं नाही. दुसऱ्या कॉलला सांगितलं की सिस्टीममध्ये अशी कुठलीच नोंद नाही, तुम्हाला असं कोणी सांगितलं असेल असं वाटत नाही. तिथे माझं डोकं फिरलं आणि मी तिसऱ्या कॉलपासून रेकॉर्डिंग सुरू केलं. म्हणजे माझ्याकडे नंतरचे सगळे नकार रेकॉर्ड झाले, आणि ज्या कॉलमध्ये कबुली होती तो एकच कॉल नव्हता. बहुतेकांचं असंच होतं, कारण पहिल्या फोनच्या वेळी वाद होणार आहे हे आपल्याला माहीतच नसतं.

मग मी काय केलं, फोनच्या कॉल लॉगमध्ये जाऊन त्या पहिल्या कॉलचा स्क्रीनशॉट काढला, तारीख, वेळ, किती मिनिटं बोललो ते सगळं त्यात दिसतं. आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवलं की या तारखेला या वेळी या नंबरवरून मी कॉल केला होता, सुरुवातीलाच तुमची टेप सांगते की कॉल रेकॉर्ड होतोय, तर तुमचं रेकॉर्डिंग तुम्हीच ऐका आणि त्यात काय सांगितलंय ते मला लेखी कळवा, आणि वाद मिटेपर्यंत ते डिलीट करू नका. पैसे परत आले. माझी रेकॉर्डिंग्ज त्यांनी मागितलीसुद्धा नाहीत.

म्हणून माझं मत असं की बँकेचं स्वतःचं रेकॉर्डिंग हा खरा पुरावा आहे, आणि तुमचं रेकॉर्डिंग कशासाठी, तर नेमकं कोण काय बोललं, कितव्या मिनिटाला बोललं हे तुम्हाला अचूक लिहिता यावं म्हणून. 'तुमच्या माणसाने कबूल केलं होतं' असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघमच येतं. तेच तारीख आणि वेळ टाकून त्याचे शब्द जसेच्या तसे लिहिले की कोणाला तरी ते उघडून ऐकावं लागतं.

आता गुपचूप करण्याबद्दल. तुम्ही कुठे राहता ते लिहिलं नाहीये आणि सगळं त्यावरच आहे. अमेरिकेत केंद्राच्या कायद्याप्रमाणे बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती पुरते, म्हणजे तुमची स्वतःची, पण कॅलिफोर्नियासारख्या राज्यात सगळ्यांची लागते, आणि कॉल सेंटर कुठल्या राज्यात बसलंय हे तुम्हाला कुठे माहीत असतं, त्यामुळे कडक नियमच धरून चालायचं. जर्मनीत परवानगीशिवाय खासगी बोलणं रेकॉर्ड करणं हा गुन्हाच आहे, दंड संहितेचं कलम 201, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. ब्रिटनमध्ये स्वतःच्या वापरासाठी रेकॉर्ड केलेलं चालतं, ते इतरांना वाटणं ही वेगळी गोष्ट. भारतात कोर्टात द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं (1 जुलै 2024 पासून, आधी जुन्या कायद्यात हे कलम 65 ब होतं) आणि त्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलवरून संगणक काढतो तो तिच्या ठशासारखा कोड) लिहावी लागते, म्हणजे फाइल नंतर बदलली का ते कळतं.

यावर मला सापडलेला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे सरळ सांगून टाकायचं. 'मीही माझ्या नोंदीसाठी हा कॉल रेकॉर्ड करतेय', एवढंच, शांतपणे. काही जण म्हणतात आम्हाला परवानगी नाही, कॉल ठेवावा लागेल. ठीक आहे, मग मला हेच मेलवर द्या म्हणायचं. पण बरेच जण ऐकून घेतात आणि त्यानंतर शब्द जपून वापरतात, उगाच आश्वासनं देत नाहीत, आपल्याला तेच तर हवं असतं. बँकेची टेप लागली म्हणजे आपल्यालाही आपोआप परवानगी मिळाली असं बरेच लोक सांगतात, त्यावर विसंबू नका.

फोनवर रेकॉर्डिंग करणं आता पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. गूगलने मे 2022 पासून प्ले स्टोअरवरच्या ॲप्सना ॲक्सेसिबिलिटीच्या (अपंगांना फोन वापरता यावा म्हणून दिलेल्या सोयीच्या) वाटेने कॉल रेकॉर्ड करायला बंदी केली, गूगलच्या स्वतःच्या फोन ॲपमध्ये सोय असेल तिथे ते दोघांनाही ऐकू जाईल असं जाहीर करतं, आणि आयफोनवर आयओएस 18.1 पासून सोय आली तीही आधी घोषणा करूनच. मी काय करायचे, स्पीकर ऑन करून दुसऱ्या फोनचं साधं व्हॉइस रेकॉर्डर चालू ठेवायचे. आधी घरच्या कोणाला तरी कॉल करून टेस्ट घ्या हं, माझ्या एका रेकॉर्डिंगमध्ये फक्त माझाच आवाज आला होता आणि समोरचा नुसता पुटपुटल्यासारखा, ते काहीच कामाचं नव्हतं.

फाइल कापू नका, एडिट करू नका, आवाज वाढवायचा असेल तर कॉपीवर वाढवा, मूळ फाइल आहे तशी राहू दे. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, कॉलच्या सुरुवातीला ओळख पटवताना आपण जन्मतारीख, खाते क्रमांक, आईचं नाव असं सगळं बोलतो, ते सगळं त्या फाइलमध्ये असतं. त्यामुळे ती ग्रुपवर टाकू नका, 'ऐका बँक कशी फसवते' म्हणून कुठे अपलोड तर अजिबात करू नका. त्यात तुमची माहिती जाते आणि फोनवर बसलेल्या त्या मुलाचा किंवा मुलीचा आवाज जगभर फिरतो, ज्यांनी तो चार्ज लावलेलाच नसतो. तक्रारीसोबत द्यायचं असेल तर नेमकं तेवढं बोलणं टाइप करून द्या, बाजूला मिनिट आणि सेकंद लिहा, आणि मूळ फाइल मागितल्यास देईन असं कळवा.

कॉलमध्ये काय विचारायचं ते आधी कागदावर लिहून घ्या, कारण राग आला की आपण भांडत बसतो आणि विचारायचं तेच राहून जातं. हा चार्ज शुल्कपत्रकातल्या कुठल्या ओळीप्रमाणे लागला, कुठल्या तारखेपासून, त्याची सूचना मला कधी आणि कशी पाठवली, एवढं हवंच. तक्रार क्रमांक घ्या, बोलणाऱ्याचं नाव किंवा आयडी घ्या. आणि समोरच्याने काही मान्य केलं की लगेच त्याच्याकडून पक्कं करून घ्या, 'म्हणजे तुम्ही असं म्हणताय की हा चार्ज चुकीचा आहे आणि तो परत येईल, बरोबर?' तो हो म्हणाला की ते वाक्य दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ येतं.

युरोपियन युनियनमध्ये किंवा ब्रिटनमध्ये असाल तर बँकेकडचं रेकॉर्डिंग तुम्ही हक्काने मागू शकता, तुमचा आवाज हा तुमचा वैयक्तिक डेटा आहे, जीडीपीआर या तिथल्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 15 खाली पहिली कॉपी फुकट मिळते आणि साधारण एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. लवकर मागा, कारण रेकॉर्डिंग कायम ठेवत नाहीत.

आणि नुसत्या फोनवर महिने घालवू नका. भारतात बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे) फुकट जाता येतं, पण त्याआधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. ब्रिटनमध्ये ही मुदत 8 आठवडे आहे. मी तीन कॉल करून झाल्यावर पहिली लेखी तक्रार दिली, म्हणजे माझे आधीचे सगळे दिवस वाया गेले, तुम्ही आजच द्या.

प्रत्येक कॉल ठेवल्या ठेवल्या मेल टाकायचा, मी नंतर टाकायला लागले, नमुना असा: 'आज सकाळी 11 वाजून 20 मिनिटांनी तुमच्या प्रतिनिधीशी बोलणं झालं, तक्रार क्रमांक अमुक. त्यांनी चार्ज चुकीने लागल्याचं मान्य केलं आणि सात दिवसांत परत येईल असं सांगितलं. यात काही चूक असेल तर तीन दिवसांत लेखी कळवावं.' माझ्या अशा एकाही मेलला 'असं बोलणं झालंच नाही' असं उत्तर आलं नाही.