दशांश थांबला तर?

प्रश्न : ताई, सप्रेम सलाम. यजमानांची नोकरी गेल्यापासून आमचा दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला देणं, थांबलाय. रविवारी अर्पणाची थैली समोर आली की मान खाली जाते. देव नाराज होईल का?
– एक भगिनी

उत्तर : प्रिय भगिनी, सलाम. नाही हो, मुळीच नाही. यरुशलेमच्या मंदिरात येशू दानपेटीसमोर बसून पाहत होता. धनवान पुष्कळ टाकत होते, पण गरीब विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, त्याला सगळ्यांहून अधिक वाटल्या (बायबल, मार्क 12). मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातला दशांशाचा अध्याय दाखवून कुणी घाबरवलं असेल, तर बायबलमधलं पौलाचं पत्र, 2 करिंथ 8:12, वाचा. आपल्याजवळ जे नाही, ते देव मागत नाही.

माझी आई भाकरीचं पीठ मळण्याआधी मूठभर ज्वारीचं पीठ देवाच्या डब्यात टाकायची. 1972च्या दुष्काळात मूठ चिमटीएवढी झाली, पण एकही दिवस चुकला नाही. ती चिमूट टाकताना तिचे ओठ हलायचे, ते अजून डोळ्यांसमोर आहे. (पुढे कळलं, मिझोरमच्या ख्रिस्ती बायका 1910पासून असेच मूठभर तांदूळ बाजूला काढतात.) देणं म्हणजे काय, हे मी त्या डब्यापाशी शिकले.

तेव्हा या रविवारी दहा रुपये टाका, दोघांनी मिळून प्रार्थना करून टाका. आणि घरात खरंच अडचण असेल तर पाळकांना (चर्चच्या पाद्रींना) सांगा. यरुशलेमच्या गरजू विश्वासणाऱ्यांसाठीच प्रेषित पौल मंडळ्यांकडून (चर्चकडून) वर्गणी गोळा करत होता. मग गरजेला मदत घेण्यात कसली लाज?