मोजायचं ते कळशीत

प्रिय,

तुझी मेल वाचली. कुतुपालोंगच्या, म्हणजे बांगलादेशातल्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावणीतल्या, तुझ्या ब्लॉकमध्ये टाकीतलं क्लोरीन बरोबर, रजिस्टर चोख, तरी जुलाब हटत नाहीत. म्हणून आणखी नळ मागावेत, असं तुला वाटतंय.

माग. 250 माणसांमागे एक नळ, माणशी रोज 15 लिटर, रांग अर्ध्या तासाच्या आत. मदतकार्यासाठी ठरलेल्या स्फिअरच्या या किमान मानकांत घासाघीस नकोच. पण तुझं दुखणं वेगळं आहे. तुझं मोजमाप टाकीशी थांबतंय आणि माणसं पितात ते घरातलं. मोजायचं ते कळशीत.

संध्याकाळी दहा-बारा झोपड्यांत जा, जिथे पाणी सकाळी भरलेलं आहे. ते ज्या पेल्याने पितात त्यानेच काढून द्यायला सांग. 10 मिलि पाणी, डीपीडी-1 ची (मोकळं क्लोरीन रंगाने दाखवणारी) एक गोळी, रंग लगेच वाच. गोळीला बोट लागू देऊ नकोस. क्लोरीन लिटरमागे 0.2 मिग्रॅच्या खाली आलं तर त्या पाण्याला संरक्षण उरलं नाही समज. शेजारी लिही: भरून किती तास झाले, झाकण आहे का, पेल्याबरोबर हात बुडतो का, तळाला गाळ आहे का. आपल्या गावाकडची ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट इथे नको. अमोनियाशी बांधल्या गेलेल्या क्लोरीननेही ती पिवळी होते आणि खोटा दिलासा देते.

आकडा कमी आला म्हणून लगेच डोस वाढवू नकोस. आधी क्लोरीनची पावडर बघ. डबा पावसाळी हवेत उघडा राहिला की ताकद उतरते आणि लेबलावर मात्र तेच 65-70 टक्के क्लोरीन दिसत राहतं. ताज्या पावडरचे 15 ग्रॅम 1 लिटरमध्ये घातले की 1 टक्क्याचं द्रावण होतं. 20 लिटरच्या चार बादल्यांत ते 2, 4, 6, 8 मिलि घाल, ढवळ, 30 मिनिटं थांब. जिच्यात 0.5 उरलं, तिच्यातलं पाणी वापरातल्या एखाद्या कळशीत संध्याकाळपर्यंत ठेव आणि पुन्हा मोज. 0.2 राहिलं नाही तर पुढची बादली धर. ही शेवटची पायरी सगळे गाळतात, आणि तिथेच घोडं पेंड खातं. पाणी 5 एनटीयूपेक्षा (एनटीयू म्हणजे गढूळपणाचं माप) गढूळ असेल तर आधी तुरटी. नाहीतर गाळच क्लोरीन खाऊन टाकतो.

‘अहवालात टाकीचाच रकाना आहे’ हे कारण मला सांगू नकोस. रकाना वाढव! 1994 च्या जुलैत आजच्या काँगोतल्या गोमात रवांडाचे निर्वासित उतरले, तेव्हा शेजारी अख्खं किवू सरोवर भरलेलं होतं. पहिल्या महिन्यात सुमारे 50 हजार माणसं गेली, बहुतेक कॉलऱ्याने आणि हगवणीने. पाणी होतं, पिण्याजोगं नव्हतं. याची खंत जात नाही, म्हणून मी या एका गोष्टीवर अडून बसतो. हेकट म्हणतात, म्हणोत. एवढ्यावर मी मागे हटणार नाही.

वासाची तक्रार येईल, ती हसण्यावारी नेऊ नकोस. वास नको म्हणून लोक संडासालगतच्या उथळ हातपंपाकडे वळतात. 2017 मध्ये रोहिंग्या लोटले त्या गर्दीत खणलेले असे पंप तिथे पुष्कळ होते. म्हणून डोस बेतानेच वाढव, आणि घरटी दोन अरुंद तोंडाचे डबे मिळव: एक आणायला, एक साठवायला, दोन्हींना झाकण.

पहिल्या आठवड्याचे आकडे ब्लॉकवार पाठव, तासांसकट.