सतत थकवा आणि वाढते वजन यांसाठी केवळ टीएसएच तपासणी पुरेशी आहे का?

होय, थायरॉइडच्या विकाराची शंका आल्यास पहिली तपासणी म्हणून बहुतेक प्रौढांना केवळ टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक) ही रक्ततपासणी पुरेशी ठरते. याचे कारण असे, की थायरॉइडमधून स्रवणारे टी४ हे संप्रेरक किंचित जरी कमी झाले, तरी मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच कित्येक पटींनी वाढवते. त्यामुळे टी४ अद्याप सामान्य मर्यादेत असतानाच बिघाड टीएसएचमध्ये उमटतो. प्रौढांसाठी साधारण मर्यादा ०.४ ते ४ मिलियुनिट प्रति लिटर अशी धरली जाते. मात्र आपल्या अहवालावर छापलेली मर्यादाच प्रमाण मानावी, आणि गरोदरपणात ती वेगळी असते हेही ध्यानात ठेवावे. टीएसएच मर्यादेबाहेर आल्यास मुक्त टी४ (रक्तातील प्रथिनांना न जोडलेले टी४) तपासतात: टीएसएच जास्त व टी४ कमी असेल तर ग्रंथी मंदावलेली असते, टीएसएच अगदी कमी व टी४ जास्त असेल तर ती अतिक्रियाशील असते. थकवा, वजनवाढ, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणे ही लक्षणे इतर अनेक आजारांतही दिसतात, म्हणून केवळ लक्षणांवरून गोळ्या सुरू करणे मला धोक्याचे वाटते. केस व नखांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण त्यामुळे काही यंत्रांवर टीएसएच खोटेच कमी दिसते. सहसा ते किमान दोन दिवस आधी थांबवतात. एक महत्त्वाचा अपवाद: पीयूषिकेचाच विकार असल्यास टीएसएच सामान्य दिसूनही टी४ कमी असू शकते, तेव्हा दोन्ही तपासण्या एकत्रच कराव्या लागतात.