ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप वॉरंटीत गेला. डीलर म्हणतो, ‘ऑइल बाहेर बदललंत, क्लेम बसणार नाही.’ आता काय करावं?

तोंडी नकारावर गप्प बसू नका. ‘वॉरंटी कुठल्या अटीनुसार नाकारली’ हे आधी डीलरकडून लेखी घ्या आणि तेच पत्र जोडून कंपनीला ईमेल करा. बाहेर बदललं ते इंजिन ऑइल असेल तर त्याचा पंपाशी काय संबंध, हे त्यांनीच सांगावं. जॉब कार्ड, ऑइल-फिल्टरची बिलं, अवर मीटरचा (ट्रॅक्टर किती तास चालला ते दाखवणारा) फोटो जपा. काढलेला पंप मात्र हातचा सोडू नका, तपासणीची वेळ आली तर तोच पुरावा.

पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथेही अडलं तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा करता येतो, वकील लागतोच असं नाही. मुदत 2 वर्षं. 5 ते 10 लाखांच्या ट्रॅक्टरला फी फक्त 200 रुपये.

एक अडचण: ट्रॅक्टर भाड्याने फिरवत असाल तर कंपनी ‘हा व्यावसायिक वापर, तुम्ही ग्राहकच नाही’ म्हणेल. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलाय, हे तक्रारीतच स्पष्ट लिहा.