निलगिरीच्या पानांवरच्या पांढऱ्या टोप्या खवले किडीच्या नाहीत

ताई, फोटो मोठे करून नीट पाहिले. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत तुमच्या परसातल्या निलगिरीच्या पानांवर पांढरे टोकदार ठिपके आलेत, खाली उभी केलेली गाडी चिकट होते, पानं गळतायत, आणि झाडवाला म्हणतो, "खवले कीड आहे, तेल फवारू." फवारणी आठवडाभर थांबवा. त्याआधी दोन मिनिटांचं एक काम करा.

एक टोपी नखाने हलकेच उचला आणि खाली भिंगातून बघा. पिवळसर, चपटं पिल्लू पाय हलवत चालू लागलं, तर ती खवले कीड नाही. खवले किडीची वाढलेली मादी सहसा जागची हलत नाही. हा सायला, म्हणजे पानांचा रस शोषणारा इवलासा किडा आहे, आपल्याकडे संत्र्यावर येतो त्याच्या गोतातला. नाव ग्लायकास्पिस ब्रिम्बलकोम्बी. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, कॅलिफोर्नियात 1998 मध्ये लॉस एंजेलिस भागात पहिल्यांदा सापडला आणि तिथून राज्यभर पसरला.

ती टोपी म्हणजे पिल्लानेच बांधलेलं घर. पानाचा रस शोषून जास्तीची साखर ते बाहेर टाकतं आणि तिचेच स्फटिक रचून वर छप्पर करतं. रुंदी जेमतेम 3 मिलिमीटर. या टोपीला 'लर्प' म्हणतात. शब्द ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी भाषेतला, आणि तिथले लोक ही गोड टोपी आवडीने खात. टोपी सोडून पिल्लू दुसरीकडे जाऊन नवी टोपीही बांधतं, म्हणून नुसत्या टोप्या मोजून कीड किती हे कळत नाही. तुमच्या गाडीवर पडतो तो चिकटा म्हणजे पिल्लांनी टाकलेली हीच साखर. त्यावर काळी बुरशी धरते. विदर्भातल्या संत्र्याच्या बागांत वाढलेल्यांना ती लगेच ओळखू येईल, तीच कोळशी.

कोणती निलगिरी, यावर निदान बरंच ठरतं. लांब अरुंद पानं आणि चोचीसारखं टोक असलेल्या कळ्या पाहून तुमचं झाड मला रेड गम, म्हणजे कॅमाल्डुलेन्सिस वाटतं. या सायलाचं ते सगळ्यात आवडतं झाड. चुरगळल्यावर लिंबासारखा वास येणारी पानं असती आणि टोपी शंकूऐवजी लांबट शिंगासारखी असती, तर मी युकॅलिप्टोलायमा हा दुसरा सायला म्हटलं असतं. त्याच्या टोपीखाली कधीकधी तिसराच एक सायला बिऱ्हाड करून असतो. तो स्वतःची टोपी बांधत नाही. फुलवाले गुच्छात घालतात त्या गोल रुपेरी पानांच्या कोवळ्या शेंड्यांवर नुसता पांढरा मेणकट कापूस दिसला, टोपी नाही, तर तो निळ्या निलगिरीचा सायला. टोप्या अजिबात नाहीत, पानं तांबूस-कांस्य रंगाची झालीत आणि त्यांवर काळे ठिपके आहेत, तर तो चपटा कांस्य ढेकूण. आणि पानाच्या शिरेवर किंवा देठावर गाठी असतील, तर ते रस शोषणाऱ्याचं काम नव्हे, गाठी करणाऱ्या गांधीलमाशीचं. दक्षिण भारतातल्या निलगिरीच्या लागवडींना तिनेच छळलंय.

आता दुसरी खूण, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. टोप्यांवर बारीक गोल छिद्रं आहेत का, ते शोधा. सायलाफेगस ब्लिटिअस नावाची इवलीशी परोपजीवी माशी पिल्लाच्या अंगात वाढते आणि टोपीला भोक पाडून बाहेर पडते. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ डोनाल्ड डाल्स्टन यांच्या गटाने ती ऑस्ट्रेलियातून आणून 2000 मध्ये कॅलिफोर्नियात सोडली. किनाऱ्यालगत तिने सायला चांगलाच आटोक्यात आणला, तुमच्यासारख्या आतल्या उष्ण भागात तितका नाही. तरीही छिद्रं दिसली तर फवारणी करूच नका. टोपीखालच्या पिल्लापर्यंत तेल पोचत नाही, मरते ती ही उघड्यावर फिरणारी माशी. माझ्या शेजाऱ्यांकडे अशीच खवले कीड समजून दोनदा फवारणी झाली. पुढच्या उन्हाळ्यात टोप्या आधीपेक्षा दाट होत्या, आणि भोक पडलेली एकही मला सापडली नाही. त्या झाडाची मला अजून हळहळ वाटते.

झाडाला खरी गरज पाण्याची आहे. कोरड्या महिन्यांत अधूनमधून, बुंध्यापाशी नव्हे तर फांद्यांच्या बाहेरच्या घेराखाली, खोलवर मुरेल असं पाणी द्या. नत्राचं खत बंद; त्याने कोवळी पालवी फुटते आणि सायलाला मेजवानी मिळते. छाटणी करायचीच तर डिसेंबर-जानेवारीत. उन्हाळ्यातल्या ताज्या जखमांकडे खोडकिडा, लांब मिशांचा भुंगेरा, येतो. पानं गळून थकलेलं झाड सायलाने सहसा मरत नाही, या खोडकिड्याने मरतं. मुळांशी द्यायची आंतरप्रवाही, म्हणजे रसातून झाडभर पसरणारी औषधं असतात, पण ती मोहोरातही उतरतात आणि निलगिरीचा मोहोर मधमाश्यांनी भरलेला असतो. माझं मत विचाराल तर नकोच.

वेगवेगळ्या फांद्यांची वीसेक पानं तोडा, भोक पडलेल्या आणि न पडलेल्या टोप्या वेगळ्या मोजा, आणि आकडे इथेच लिहा. बुंध्याचाही एक जवळून फोटो टाका. सालीवर भोकं किंवा डिंक ओघळलेला आहे का, ते मला बघायचंय.